अर्धवट तुटलेली मात्रा

शाळेचा वार्षिक अंक छापण्याबरोबर संकेतस्थळावरही आणायचा, तर पुष्कळदा वर्डप्रेसचा आधार घेतला जातो. २००३ साली निघालेली ही प्रकाशन-प्रणाली विनामूल्य आहे आणि तिची आज्ञावली कोणालाही उघडून पाहता येते, बदलता येते. बदलता येते म्हणजे बिघडवताही येते! म्हणून बदलाबरोबर चाचण्या लिहायच्या. चाचणी म्हणजे आज्ञावलीला ठरावीक प्रश्न विचारणारी दुसरी छोटी आज्ञावली. उत्तर यंत्रच तपासते. प्रश्न आणि आदर्श उत्तर मात्र आपण ठरवायचे. यातला अवघड भाग आहे तो प्रश्न निवडण्याचा. एक उदाहरण पाहू.

लेखाच्या मथळ्यावरून वर्डप्रेस त्याचा पत्ता तयार करते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना, मात्रा की पाय मोडल्याची खूण, संगणकात तीन बाइट घेते. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन जागांत लिहिला जातो. म्हणजे एका 'क'ला नऊ जागा. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेची आडवी रेघ होते, तिला एकच. पत्त्याच्या या भागाला एकूण २०० जागांची मर्यादा आहे आणि एकटा 'महाराष्ट्र' त्यातल्या ९० खातो. (फोडून मोजून पाहा.) मर्यादा आली की वर्डप्रेस शेवटच्या पूर्ण चिन्हाशी थांबते.

आता समजा, पत्ते आटोपशीर व्हावेत म्हणून एका हौशी शिक्षकाने प्लगिन लिहिले आणि शंभराव्या जागेवर सरळ कात्री लावली. चाचणीसाठी मथळा घेतला 'आमच्या गावातील पक्षी'. 'आमच्या'च्या ५४ जागा, रेघेची १, 'गावात'च्या ४५, बरोबर शंभर. 'आमच्या-गावात' असा सुबक पत्ता निघाला. चाचणी उत्तीर्ण!

पुढचा लेख आला, 'पाणी आणि आपले आरोग्य'. येथे ३६, १, २७ आणि १ मिळून ६५ जागा झाल्या. उरलेल्या ३५ मध्ये 'आपल' एवढी तीन चिन्हे बसतात आणि 'ले'वरच्या मात्रेच्या नऊ जागांपैकी आठच मिळतात. पत्ता मोडला. कारण साध्या भागाकारात आहे. कात्रीच्या आधी एक रेघ असेल तर ९९ जागा उरतात, त्यांना ९ ने पूर्ण भाग जातो. दोन रेघा असतील तर बाकी ८, एकही नसेल तर बाकी १. पहिला मथळा नेमका एका रेघेचा निघाला, एवढेच.

म्हणून तिन्ही तऱ्हांचे मथळे चाचणीत हवेत. त्यातली निदान एक चाचणी दुरुस्तीपूर्वी नापास होताना डोळ्यांनी पाहावी; कधीच नापास न होणारी चाचणी काही तपासते की नाही, हे कळत नाही. दुरुस्तीनंतरही ती काढायची नाही. दोन वर्षांनी दुसरा कोणी त्याच ओळीला हात लावील, आणि वार्षिक अंकात छापून गेलेला पत्ता मागाहून सुधारता येत नसतो.

मांडणी फारशी कठीण नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या साधनाला एक आज्ञा दिली की चाचण्यांचा सांगाडा तयार होतो. पीएचपीयुनिट त्या चालवते. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी. चाचण्यांना वेगळा, रिकामा डेटाबेस द्यावा. त्या सुरुवातीलाच तिथले तक्ते पुसून टाकतात, आणि तसा इशारा मांडणीच्या नमुना-फाइलीतच दिलेला आहे. चालत्या संकेतस्थळाचा डेटाबेस चुकून दिला तर सगळे लेख गेले. पुढे प्रत्येक चाचणीने केलेले बदल ती संपताच मागे घेतले जातात. त्यामुळे एकीचा लेख दुसरीच्या वाटेत येत नाही.

ब्राउझर उघडून, बटणे दाबून पाहणाऱ्या चाचण्याही असतात. त्या संथ चालतात, म्हणून मोजक्याच ठेवाव्यात. 'प्रसिद्ध करा' दाबल्यावर लेख खरेच दिसतो का, एवढे विचारले तरी पुष्कळ.

चाचण्या आठवणीने चालवायच्या म्हटले की राहून जातात. आज्ञावली गिटहबवर ठेवली तर प्रत्येक बदलानंतर त्या आपोआप चालवता येतात, आणि त्याही पीएचपीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर. नापास झालेल्या आवृत्तीपुढे लाल फुली येते.