जनसुनवाई : आक्षेपाला उत्तर मिळवण्याची पद्धत

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, शाळा आणि गावचा पाणीपुरवठा या रोजच्या सेवा मुख्यतः ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद या तीन स्तरांवरील स्थानिक संस्थांच्या हाती आहेत. या संस्थांच्या कारभाराचे परीक्षण दोन मार्गांनी होते. एक मार्ग हिशेबतपासनिसाचा आहे आणि दुसरा, ज्यांच्यासाठी सेवा चालते त्या रहिवाशांचा. दुसऱ्या मार्गाचे सर्वांत ठळक रूप म्हणजे जनसुनवाई. तीत तपासणीचे निष्कर्ष गावकऱ्यांसमोर वाचले जातात आणि संबंधित अधिकाऱ्याला तिथेच उत्तर द्यावे लागते.

पहिल्या मार्गाला कायद्याचा भक्कम आधार आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मधील कलम 8 नुसार आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, तसेच लेखापरीक्षणाची शेवटची टिप्पणी आणि तिला दिलेली उत्तरे ठेवणे ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. जिल्हा परिषदांच्या लेखापरीक्षणाचे पुनर्विलोकन अहवाल विधिमंडळाच्या पंचायती राज समितीपुढे जातात आणि ही समिती मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष घेते. तथापि लेखापरीक्षक ज्याला आक्षेप म्हणतो तो बहुधा पावती नसणे, निविदेविना खरेदी होणे किंवा अग्रिम रकमेचे समायोजन न होणे अशा स्वरूपाचा असतो; उपकेंद्र बांधले गेले, पण आरोग्यसेविका तिथे राहत नाही, ही गोष्ट व्हाउचरांच्या गठ्ठ्यात सापडत नाही. त्यातच ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होऊन पुढच्या तारखेला मोजक्या उपस्थितीत उरकली गेली, तर कलम 8 चे पालन कागदावर होते आणि आक्षेपाचे उत्तर ज्यांनी ऐकायचे ते मात्र त्या सभेत नसतात.

दुसऱ्या मार्गाची परंपरा राजस्थानातून आली. तेथे मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे सरकारी कामांच्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचून त्यांचा खरेपणा ग्रामस्थांकडूनच पडताळून घेतला. आरोग्यसेवेच्या क्षेत्रात या पद्धतीला शासनाच्याच कार्यक्रमात स्थान मिळाले. एप्रिल 2005 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने लोकाधारित देखरेख हा घटक स्वीकारला आणि 2007 पासून देशातील नऊ राज्यांत त्याचा प्रायोगिक अवलंब झाला. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे हे पाच जिल्हे निवडले गेले आणि पुण्यातील ‘साथी’ संस्थेने राज्यस्तरीय समन्वय सांभाळला. ठाणे जिल्ह्यातून डहाणू, जव्हार व मुरबाड या तालुक्यांची निवड झाली होती. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर त्यांपैकी एकटा मुरबाड ठाणे जिल्ह्यात उरला.

या पद्धतीचे यंत्र गावापासून चालू होते. गाव आरोग्य समितीचे सदस्य गटचर्चा आणि मुलाखती घेतात आणि लसीकरण, बाळंतपणाची सेवा, औषधांची उपलब्धता, कर्मचाऱ्यांची गावभेट, रुग्णाकडून बेकायदा पैसे घेतले जाणे अशा बाबींवर प्रश्नावली भरतात. मिळालेल्या गुणांनुसार प्रत्येक सेवेला रंग दिला जातो. 75 टक्के वा अधिक गुणांना हिरवा, 50 ते 74 टक्क्यांना पिवळा आणि त्याखाली लाल असल्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही फलकावरून निकाल समजतो. गावांची प्रगतिपत्रके प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा आणि राज्य या स्तरांवरील देखरेख समित्यांकडे जातात. या समित्यांत लोकप्रतिनिधी, आरोग्य अधिकारी, सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते आणि गावचे प्रतिनिधी एकत्र बसतात. त्यानंतर होणाऱ्या जनसुनवाईत प्रगतिपत्रकासोबत प्रत्यक्ष प्रकरणेही मांडली जातात. वैद्यकीय अधिकाऱ्याने दवाखान्यात औषध असताना बाहेरून आणण्यासाठी चिठ्ठी का दिली, याचे उत्तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याने त्याच मंडपात द्यायचे असते.

प्रायोगिक टप्प्यातील पाचही जिल्ह्यांच्या प्रगतिपत्रकांत चांगला शेरा मिळालेल्या सेवांचे प्रमाण पहिल्या फेरीतील सुमारे 48 टक्क्यांवरून तिसऱ्या फेरीत सुमारे 66 टक्क्यांपर्यंत गेले. ही वाढ सर्व प्रश्नांच्या बाबतीत सारखी नसते, आणि त्यामागचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. औषधसाठ्याचा फलक लावणे, बेकायदा आकारणी थांबवणे किंवा आरोग्यसेविकेचा गावभेटीचा दिवस जाहीर करणे हे निर्णय तालुक्याच्या अधिकारकक्षेत येतात, म्हणून ते मंडपातच होऊ शकतात. डॉक्टरांचे रिक्त पद भरणे राज्य शासनाच्या हाती असल्याने तालुक्यातील अधिकारी तो प्रश्न वर पाठवण्यापलीकडे काही करू शकत नाही. शिवाय दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणारी कातकरी कुटुंबे तपासणीच्या काळात गावात नसतील, तर ज्यांना सेवा सर्वांत कमी मिळते त्यांचाच अनुभव प्रगतिपत्रकातून गळतो. या देखरेखीचा निधीही आरोग्य अभियानाकडूनच येत असल्यामुळे ज्याचे परीक्षण व्हायचे त्याच्यावरच परीक्षणाचे सातत्य अवलंबून राहते.

यांहून मोठी उणीव अशी की, जनसुनवाई उत्तर मागू शकते, पण समाधान न झाल्यास तिच्या हाती रोखून धरण्याजोगे काही नसते. ही उणीव भरून काढण्याचे साधन याच परिसरात कायद्याने उपलब्ध आहे. 1985 च्या आदेशानुसार शहापूर तालुका पूर्णतः आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, म्हणजे आदिवासी लोकवस्तीमुळे ज्या प्रदेशाला राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचे संरक्षण आहे त्यात येतात. अशा क्षेत्रासाठी 1996 मध्ये झालेल्या पेसा कायद्यानुसार योजनांवर झालेल्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यावे लागते. महाराष्ट्राच्या 2014 च्या पेसा नियमांनी पाडा किंवा वाडीलाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवण्याची वाट मोकळी केली, त्यामुळे मुख्य गावापासून दूर राहणाऱ्या ठाकर, कातकरी वा महादेव कोळी वस्तीला स्वतःची ग्रामसभा भरवता येते.

प्रमाणपत्र देण्याचा हा अधिकार चौकशीच्या पद्धतीविना वापरला गेला, तर तो ग्रामसेवकाने आणलेल्या कागदावरील अंगठ्यापुरता उरतो. उलट मुरबाडमध्ये रुळलेली प्रश्नावली, रंगांचा फलक आणि समोरासमोरची विचारणा ग्रामसभेच्या कामकाजात आली, तर काम प्रत्यक्ष पाहून मगच खर्च मान्य करण्याची शिस्त निर्माण होऊ शकते आणि कलम 8 खालील लेखापरीक्षणाच्या टिप्पणीलाही गावच्या अनुभवाची जोड मिळते. एका तालुक्याने घडवलेली पद्धत आणि दुसऱ्याला लाभलेला कायदेशीर अधिकार एकत्र वापरले गेले, तरच प्रतिकूल अहवालानंतर स्थानिक संस्थेला केवळ खुलासा देऊन सुटता येणार नाही.