खरखर सेल्फची, शिव्या बॅटरीला

क्रेट भरून झाले, ताडपत्री बांधून झाली, ड्रायव्हरने चावी मारली आणि पिकअपच्या पोटातून ‘खर्रर्र’! लोखंडावर लोखंड घासल्याचा, ऐकणाऱ्याचे दात शिवशिवतील असा आवाज. बाजूला उभे असलेले तिघेही एकसुरात सांगतात, “बॅटरी उतरली.” आमच्या शेजाऱ्यांनी या निदानावर विश्वास ठेवून वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या. दोन्ही उत्तम आहेत. खरखरही उत्तम आहे.

बॅटरी खरखरत नाही हो! तिच्यात फिरणारं, घासणारं काही नसतंच. ती उतरली की हेडलाइट मंदावतात, इंजिन पेंगत पेंगत फिरतं, किंवा नुसतीच टकटक ऐकू येते. तरीही शंका असेल तर मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर बॅटरी भरलेली आहे. सेल्फ मारताना तो साधारण ९.६ च्या खाली जात नसेल, तर त्या बिचारीला सोडा.

मग खरखरतं कोण? सेल्फच्या टोकाला नऊ-दहा दात्यांचं छोटं पिनियन असतं आणि इंजिनच्या फ्लायव्हीलभोवती शंभराहून अधिक दात्यांची पोलादी रिंग. चावी मारली की सोलेनॉइड पिनियनला पुढे ढकलतो, दाते दात्यांत बसतात आणि मग मोटर पूर्ण जोराने फिरते. दाते नीट बसले नाहीत, घसरले, की खर्रर्र. आपले मेकॅनिक या पिनियनला ‘बेंडिक्स’ म्हणतात. व्हिन्सेंट बेंडिक्सच्या मूळ रचनेत पिनियन फिरण्याच्या झटक्यानेच पुढे सरकायचं, आताच्या गाड्यांत ते काम सोलेनॉइड करतो. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

“पण आवाज कधी येतो, कधी येत नाही. म्हणजे वायरिंगच असणार,” हा पुढचा युक्तिवाद. उलट, आवाजाचं हे येणं-न येणं हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनला अडून बहुतेक वेळा रिंगच्या समोरासमोरच्या दोन जागांपैकी एकीवर थांबतं. पिनियन वर्षानुवर्षं तिथेच आदळतं आणि तेवढेच दाते झिजतात. इंजिन झिजलेल्या जागी थांबलं तर खरखर, जरा पुढेमागे थांबलं तर काहीच नाही.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. आवाज आला की चावी काढा, गाडी सपाट जागी असल्याची खात्री करा, वरच्या गिअरमध्ये टाका आणि दोघांनी हातभर ढकला. मग न्यूट्रल करून हँडब्रेक लावा आणि पुन्हा सेल्फ मारा. दर वेळी असं केल्यावर आवाज जात असेल, तर दोष रिंगचा समजा. ढकलूनही प्रत्येक वेळी येत असेल, तर पिनियन, सोलेनॉइड किंवा सेल्फचे ढिले बोल्ट. नुकतंच क्लचचं काम झालं असेल, तर आधी बोल्टच पाहा. पाना लावण्यापूर्वी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. सेल्फची जाड केबल चावी बंद असतानाही जिवंत असते.

बॅटरीवाल्यांच्या म्हणण्यात कणभर तथ्य आहे, तेही सांगतो. व्होल्टेज कमी पडलं की सोलेनॉइड पिनियनला धरून ठेवू शकत नाही. ते पुढे जातं, मागे येतं, पुन्हा आदळतं. अशा बॅटरीवर महिनोन्‌महिने गाडी रेटली तर दाते लवकर जातात. पण एकदा गेलेले दाते नव्या बॅटरीने उगवत नाहीत.

बाकीचे उपाय थोडक्यात. दात्यांना ग्रीस फासणं: क्लचची धूळ त्यात बसते आणि घासायला आयती पेस्ट तयार होते. सेल्फवर हातोडी: अडकलेले ब्रश क्षणभर जागे होतात, झिजलेले दाते नाहीत. नुसता नवा सेल्फ: रिंग खराब असेल तर नव्या पिनियनचाही लवकरच भुगा. “इंजिन चालू झाल्यावरही थोडा वेळ येतोच आवाज”: नाही, येता कामा नये! पिनियन मागे सरकत नाहीये. इंजिन लगेच बंद करा, आणि चावी काढूनही सेल्फ फिरतच असेल तर टर्मिनल उतरवा.

रिंग बदलण्याची पद्धत गावाकडच्यांना ओळखीची वाटेल. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो तशीच: तापवून फुगवायची, फ्लायव्हीलवर बसवायची, थंड झाली की आवळते. मात्र तापवणं बेताचंच हवं, लाल केली तर दात्यांचं पाणी उतरतं. दात्यांची एका बाजूची कड तिरकी घासलेली असते. सेल्फचं पिनियन ज्या बाजूने येतं तिकडे ती यायला हवी. उलटी बसवली तर पहिल्या दिवसापासून खरखर.

या कामाला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो. तेव्हा क्लच प्लेट आणि क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच वेळी पाहून घ्या.