चर्चेचें साधन कोणतें निवडावें?

राजनाल्याचें पाणी उन्हाळी भाताला केव्हां सुटणार, हा कर्जतकडील शेतकऱ्याचा दरवर्षींचा प्रश्न होय. भिवपुरीच्या वीजगृहांतून बाहेर पडणारें पाणी या कालव्यास मिळतें. समजा, कोणी हा प्रश्न व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विचारला आणि एखाद्या जाणत्यानें त्याचें नीट उत्तरही दिलें. संध्याकाळपर्यंत तें उत्तर वाढदिवसाच्या शुभेच्छांखालीं गडप झालेलें असतें, आणि पुढील वर्षीं तोच प्रश्न पुन्हां विचारावा लागतो.

कर्जत काय, खालापूर काय, येथील पुष्कळ मंडळी नोकरीनिमित्त दिवसभर गांवाबाहेर असतात. त्यांची चावडी आतां मोबाइलवर भरते, हें ठीकच. परंतु चावडी भरविणें निराळें आणि तिचें दप्तर राखणें निराळें. दप्तर राखावयाचें तर विषयवार चर्चेचें सॉफ्टवेअर हवें. कचेरींत प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी असते, त्याप्रमाणें येथें प्रत्येक प्रश्नाचा धागा वेगळा राहतो व उत्तरें त्याच्याच खालीं येतात. 'कर्जत-३' या हळव्या भाताविषयींचा धागा तीन वर्षांनीं उघडला तरी पहिल्या शब्दापासून वाचतां येतो.

अशीं कित्येक साधनें फुकट मिळतात. भाडें पडतें तें सर्व्हरचें. निवड करावयाची ती देखभालीचा भार पाहून. 'पीएचपीबीबी' हें २००० सालचें साधन जुन्या वळणाचें, पण स्वस्तांतल्या सर्व्हरवरही चालतें. २०१३ मध्यें निघालेलें 'डिस्कोर्स' मोबाइलवर अधिक सोयीचें. मात्र त्यास स्वतंत्र सर्व्हर आणि तो सांभाळणारा माहीतगार माणूस लागतो. 'द्रुपल' तर केवळ चर्चेपुरतें नाहीं. लेख, कविता, पाककृती सारें त्यांत मावतें. १९९६ सालीं सुरू झालेल्या 'मायबोली'नें पुढें तेंच पत्करलें, 'मिसळपाव'नेंही तेंच. दिखाऊपणावर भुलून जड साधन आणावें आणि सांभाळणारा पोरगा पुण्यास गेला कीं दार बंद व्हावें, यापेक्षां जुनें व साधें बरें. देवनागरींत 'पाणी' लिहून शोध लागतो किंवा नाहीं, हें मात्र आधीं पडताळावें.

याहून मोठी गोष्ट मालकीची. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें. याहू ग्रुप्सवरील साठविलेला मजकूर २०१९ च्या अखेरीस काढून टाकण्यांत आला व डिसेंबर २०२० मध्यें तें दुकानच उठलें. ज्यांनीं वेळेवर नक्कल उतरवून घेतली नाहीं, त्यांचें वर्षानुवर्षांचें लिखाण गेलें. परक्याच्या ओसरीवर बैठक भरविली म्हणजे ओसरीवाल्याच्या मर्जीनें उठावें लागतें. म्हणून सारा मजकूर दुसरीकडे नेतां येतो काय, हें कोणास न विचारतां स्वतः करून पाहावें: पांचपंचवीस धागे घालावे, त्यांची नक्कल घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उभी करून पाहावी. ती उभी राहिली तरच गांवकऱ्यांस बोलावणें धाडावें. त्यापूर्वीं दोन संपादकही नेमलेले असावे. एक गांवांत राहणारा, दुसरा बाहेर असणारा, म्हणजे शिवीगाळ काढून टाकतांना एकाच आळीचा पक्ष घेतला असें कोणास म्हणतां येणार नाहीं.