पदवीचे मोल कोणी द्यावे?

जून महिना उजाडला की पावसाबरोबर आणखी एक चिंता गोमंतकातील घराघरांत शिरते. मुलाला वा मुलीला महाविद्यालयात घालायचे, तर पैसा कोठून आणायचा? कोणी काजूच्या हंगामातील शिल्लक मोजतो, कोणी घरातले सोने बँकेत गहाण ठेवतो, कोणी मेहुण्याच्या दारी शब्द टाकतो. शिक्षणाचे महत्त्व व्यासपीठावरून सांगणारे पुष्कळ आहेत. त्याचा खर्च कोणी सोसावा, हे स्पष्ट सांगणारे मात्र विरळा.

मुक्तीपूर्वी हा प्रश्न आपल्यापुढे निराळ्या रूपात होता. पोर्तुगीज सत्तेने १८४२ साली पणजीत वैद्यकीय विद्यालय काढले खरे. परंतु ज्याला बी.ए. वा बी.एस्सी. व्हायचे असे, त्याला घाट चढून बेळगाव, धारवाड, पुणे वा मुंबई गाठावी लागे. तेथे नातलगाच्या खोलीत पथारी पसरायची आणि खानावळीचे पैसे वेळेवर आले नाहीत तर चण्याफुटाण्यांवर रात्र काढायची, हा अनेकांचा शिरस्ता होता. म्हणजे शिक्षणाचा खर्च घर आणि गोतावळा यांनी सोसला. १९ डिसेंबर १९६१ नंतर चित्र पालटले. १९६२ मध्ये पणजीत धेंपे व मडगावात चौगुले महाविद्यालय उभे राहिले, ते खाणमालकांच्या पुढाकाराने. खाणींच्या लाल मातीने शेते नासली हे जितके खरे, तितकेच त्या मातीतून थोडी पुस्तकेही निघाली हे खरे. पुढे १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण ही शासनाची जबाबदारी आहे, हे जणू गृहीत धरले गेले.

शुल्क म्हणजेच शिक्षणाचा खर्च, ही समजूत मात्र भ्रामक आहे. १९७८-७९ साली गोमंतकातील विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते शुल्कासाठी नव्हे, तर बसच्या भाड्यात निम्मी सवलत मिळावी म्हणून. सत्तरीतल्या वा काणकोणातल्या मुलाला वर्गात पोहोचणे हाच पहिला खर्च असतो, हे त्या तरुणांनी ओळखले होते. त्यात आणखी एक खर्च असा की, जो कोणत्याही पावतीवर येत नाही: तो मुलगा हॉटेलात वा दुकानात लागला असता, तर घरात जे चार पैसे आले असते, ते तीन वर्षे येत नाहीत. गरिबाला शुल्कमाफी दिली की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या रापणकाराचा मुलगा महाविद्यालयाची पायरी चढलाच नाही, त्याने काडेपेटीपासून साबणापर्यंत भरलेल्या करातून डॉक्टरच्या मुलाला डॉक्टर का करावे? १९९३ साली न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने विद्यापीठांनी आपल्या आवर्ती खर्चाचा १५ ते २५ टक्के भाग हळूहळू स्वतः उभारावा, असे सुचविले, त्यामागे काहीसा हाच विचार होता. ज्याची ऐपत आहे त्याने अधिक द्यावे, याला आमचा विरोध नाही. परंतु ऐपत बापाची मोजायची की पदवी घेऊन कमावत्या झालेल्या मुलाची, येथे खरी मेख आहे.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा करावी, अशी अट होती. १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले. पण त्या शहरात अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना आणि काही दिवसांतच ते परतले. संस्थानच्या खतावणीत ही रक्कम बुडीतच धरावी लागेल. देशाच्या खतावणीत तिची नोंद कोणत्या बाजूला करावी, हे वाचकांस सांगावयास नको.

आज मात्र शिष्यवृत्तीची जागा कर्जाने घेतली आहे. अभ्यासक्रम संपून वर्ष उलटले की हप्ता सुरू होतो, नोकरी लागो वा न लागो. २०२४ मधील केंद्राची विद्यालक्ष्मी योजना तारणाविना कर्ज देते, हे स्वागतार्ह. परंतु ती निवडक नामांकित संस्थांपुरतीच आहे. गोवा शासनाच्या शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना त्याहून माणुसकीची आहे, पण बेकार पदवीधराला मुद्दलही डोंगराएवढेच वाटते. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून वेगळी वाट धरली: विद्यार्थ्याने आधी शिकावे आणि मिळकत ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तिच्या प्रमाणात करासोबत परतफेड करावी. मिळकत नाही, तर वसुली नाही. या रीतीने रापणकाराच्या आक्षेपालाही उत्तर मिळते, कारण डॉक्टर झालेला मुलगा आपला वाटा स्वतःच फेडतो.

कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्चावेत, असे सांगितले. २०२० च्या शिक्षण धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. मधल्या चोपन्न वर्षांत तो गाठला गेला नाही. कला-विज्ञान-वाणिज्याच्या महाविद्यालयांचा भार शासनानेच उचलावा, व्यावसायिक शिक्षणाची परतफेड पदवीधराच्या मिळकतीशी बांधावी आणि बापाच्या कुळागराला त्यात गोवू नये, अशी आमची मागणी आहे. विधानसभेच्या येत्या अधिवेशनात आपल्या आमदारांपैकी किती जण या विषयावर उभे राहतात, ते पाहू.