धूर दिसला नाही म्हणजे गळती नाही?

(सायखेडा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने पेट्रोलच्या टाकीवर का बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण प्रश्न ज्ञानाचाच आहे. एखादी गोष्ट 'नाही', हे आपल्याला कळतं कसं?

आधी यंत्र समजून घेऊ. गाडी उभी असली तरी टाकीतलं पेट्रोल उडत असतं, उन्हाळ्यात जास्तच. ही वाफ नळीवाटे कोळशाच्या डब्यात जाते. मेकॅनिक त्याला कॅनिस्टर म्हणतात. कोळसा वाफ धरून ठेवतो. पुढे इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, व्हेंटमधून ताजी हवा आत येते आणि धरलेली वाफ इंजिनात जाऊन जळते. कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलपासून हे सक्तीचं झालं. आपल्याकडे भारत स्टेज सहाच्या पेट्रोल कारला बंदिस्त खोलीतल्या चाचणीत २ ग्रॅमच्या वर वाफ सोडता येत नाही.

पण ही परीक्षा नव्या मॉडेलची. पुढे झाकणाचं रबर कडक होतं, नळीला चीर जाते, उंदीर कुरतडतात. आणि आपली पीयूसी? ती सायलेन्सरच्या तोंडाशी नळी लावते. टाकीच्या झाकणाशी तिचा संबंधच नाही. म्हणजे पीयूसी हातात असूनही गाडी रात्रभर वाफ सोडत असू शकते.

त्याने बिघडतं काय? पैसा उडतो, आगीचा धोका वाढतो, हे उघड आहे. पेट्रोलच्या वाफेत बेंझीन असतं, त्याने कर्करोग होऊ शकतो. शिवाय ही वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की जमिनीलगत ओझोन तयार होतो. १९५८ साली कॅलिफोर्नियात द्राक्षाच्या पानांवरच्या बारीक काळपट ठिपक्यांचं कारण ओझोन असल्याचं संशोधकांनी दाखवलं. आपण निफाड तालुक्यात, द्राक्षांच्या गावात बसलोय, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता चाचणी. यंत्रात खनिज तेल तापवून पांढरा धूर करतात आणि तो नळ्यांत सोडतात. टाकीत पेटणारी वाफ असते, म्हणून साध्या हवेपेक्षा नायट्रोजन बरा. दाब अगदी कमी, साधारण अर्धा पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये तीसच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. जास्त दाब दिला तर धड असलेले जोडच सुटतील. व्हेंट व्हॉल्व्ह एरवी उघडा असतो, तो आधी बंद करावा लागतो. मग दिवा घेऊन झाकण, नळ्या, कॅनिस्टर पाहायचं. जिथून धूर निघेल तिथे भोक. अर्ध्या मिलिमीटरचं भोकसुद्धा सापडतं.

न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, असं अनुमान. इथे धूर आपणच केलाय, अनुमान मात्र छिद्राचं. हे सोपं. अवघड भाग पुढे आहे. धूर दिसला नाही तर?

कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी 'अनुपलब्धी' हे वेगळं प्रमाण मानलं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो नाही. पण अट अशी की घडा असता तर दिसलाच असता. अंधारात घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. याला म्हणतात योग्य अनुपलब्धी.

पंक्चरवाला हेच करतो बघा. ट्यूबमध्ये हवा भरतो, पाण्यात बुडवतो आणि पूर्ण फिरवतो. अर्धीच ट्यूब बुडवून 'बुडबुडे नाहीत' म्हणाला तर आपण ऐकून घेऊ का?

म्हणून गॅरेजमध्ये 'गळती नाही' असं सांगितलं तर तीन गोष्टी विचारा. व्हेंट बंद केला होता का? धूर सगळ्या नळ्यांत पोचला का? आणि मापाचं बारीक भोक लावून यंत्र आधी तपासलं होतं का? तिन्हीचं उत्तर 'हो' असेल, तर ते 'नाही' भरवशाचं.

पीयूसीचा कागद खोटा नाही, मंडळी. त्याने जिथे पाहिलं, तिथलंच तो सांगतो. जिथे पाहिलंच नाही, तिथलं 'नाही' आपण आपल्या मनाने त्यात वाचतो. तेवढं टाळू या.