खिडकीतलं बर्फाचं कार्ड

पडद्यावर जे चौकोनी कार्ड दिसतंय, त्याबद्दल मी मुद्दामच मिनिटभर काही बोललो नाही. चार कडांना चार मोठे आकडे आहेत: २५, ५०, ७५ आणि १००. कार्ड कसंही धरलं तरी एकच आकडा सरळ वाचता येतो. समोरचा उलटा होतो, बाजूचे दोन आडवे पडतात. मधे एका बर्फ कंपनीचं नाव आणि अवघा तीन आकडी फोन नंबर. पहिल्या रांगेतून आत्ता कुणीतरी म्हणालं, "सोंगट्यांचा खेळ असणार." खेळ नाही. पण अंदाज फार चुकलेलाही नाही, कारण या कार्डाचे नियम होते आणि ते दोन्ही बाजूंना माहीत असल्याशिवाय त्याचा काही उपयोग नव्हता.

हे कार्ड अमेरिकेतलं, साधारण १९२० च्या आसपासचं. त्या काळी तिथल्या बहुतेक घरांत विजेचा फ्रिज नव्हता, आइसबॉक्स होता. म्हणजे लाकडी कपाट, आतून जस्ताचा पत्रा, आणि भिंतीच्या पोकळीत भुसा नाहीतर बुचाचा थर. बर्फाची लादी वरच्या कप्प्यात ठेवायची. गार हवा जड, ती खाली उतरते आणि दूध, लोणी, मटण टिकतं. वितळलेलं पाणी नळीवाटे खाली ठेवलेल्या परातीत पडायचं. ती परात आठवणीनं उपसावी लागे. विसरलात की स्वयंपाकघरात तळं! बर्फ एक-दोन दिवसांत संपणार, म्हणून बर्फवाला गाडी घेऊन सारखा दारावरून जायचा.

आता अडचण अशी, की तो प्रत्येक जिना चढून "आज किती?" असं विचारत बसला तर गाडीतला माल रस्त्यातच वितळेल. म्हणून कंपनीनं घरोघरी ही कार्डं फुकट वाटली. हवा तो आकडा वर येईल असं कार्ड फिरवायचं आणि रस्त्यावरून दिसेल असं खिडकीत लावायचं. बर्फवाला खालूनच बघणार, टोच्यानं तेवढा तुकडा तोडणार, चिमट्यात धरून, खांद्यावर चामडं टाकून वर नेणार. २५ पौंड म्हणजे सुमारे ११ किलो, १०० पौंड म्हणजे ४५ किलो. तिसऱ्या मजल्यावर ४५ किलो बर्फ न्यायचा तर आकडा खालूनच कळलेला बरा, नाही का? शिवाय अमेरिकेच्या मोठ्या शहरांत बर्फवाला कितीदा तरी इटलीहून आलेला असे आणि गृहिणी आणखी कुठल्या देशातून आलेली. दोघांनाही इंग्रजी जेमतेम. आकड्याला त्याची गरज नव्हती. पुष्कळ कार्डांवर तर प्रत्येक आकड्याला वेगळा रंग असे, म्हणजे लांबून आकडा दिसला नाही तरी रंग दिसावा.

मी या नादाला लागलो तो १९८० च्या दशकात. एका अमेरिकन विद्यापीठात वर्षभर शिकवायला गेलो होतो. रविवारी तिथे आपल्या जुन्या बाजारासारखा बाजार भरायचा. त्या आठवड्यात वर्गात विट्गेन्श्टाइन चालू होता. त्याचं जे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९५३ साली प्रसिद्ध झालं, त्याच्या सुरुवातीलाच एक माणूस 'पाच तांबडी सफरचंदं' एवढीच चिठ्ठी घेऊन दुकानात जातो. दुकानदार त्या चिठ्ठीचं काय करतो, ते पाहा, असं विट्गेन्श्टाइन सुचवतो. शब्दाचा अर्थ डोक्यात कुठे आहे, ते शोधत बसू नका. आणि इथे बाजारात, एका खोक्यात, एक डॉलरला, मला ती चिठ्ठी सापडली! फरक इतकाच, की या चिठ्ठीवर काही लिहावंसुद्धा लागत नव्हतं, नुसती फिरवायची. खिडकीत लावली की ती मागणी. टेबलाच्या खणात पडली की नुसता पुठ्ठा, त्यावर १०० वर असलं तरी कुणी बर्फ आणणार नाही. मग ती माझ्या हातात आल्यावर काय झाली, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पुढे पडला, आणि जरा उशिराच पडला. त्याबद्दल शेवटी सांगतो.

कार्डाच्या मागोमाग कूपनांची पुस्तकं आली. मला विचाराल तर या सगळ्या पसाऱ्यातली सर्वांत बोलकी चीज तीच. ग्राहकानं पाचशे किंवा हजार पौंडांचं पुस्तक आगाऊ पैसे भरून घ्यायचं. आत दहा, पंचवीस, पन्नास पौंडांची छिद्रं पाडलेली कूपनं. बर्फ घेतला की तेवढी फाडून द्यायची. एकदा वरवर पाहा: कंपनीला पैसे आधी मिळाले, बर्फवाल्याच्या खिशात रोकड नाही म्हणजे चोरीची भीती नाही. आता खोलात जा. काही कूपनांवर छापलेलं असे, की पुस्तकातून आधीच सुटं केलेलं कूपन चालणार नाही. म्हणजे बर्फवाल्याच्या समोर फाडा. पण गृहिणी बाहेर गेली असेल तर? मग पुस्तक आइसबॉक्सवर ठेवून, मागचं दार उघडं ठेवून जायचं, आणि त्यानं आपल्या हातानं कूपन फाडून घ्यायचं. नियम लिहिला अविश्वासानं आणि पाळला विश्वासानं. त्यातून बर्फ हा असा माल, की गाडीवर तोलला तेव्हा पन्नास पौंड होता आणि स्वयंपाकघरात पोचेपर्यंत तेवढा राहिलेला नाही. भांडण कशावरून होत असेल, ते सांगायला नको.

बिलं, पावत्या हा तिसरा प्रकार. दिसायला रुक्ष, म्हणून संग्राहक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात, ती त्यांची चूक आहे. एकच उदाहरण देतो. १९०० च्या उन्हाळ्याच्या तोंडावर न्यू यॉर्कमध्ये अमेरिकन आइस कंपनीनं शंभर पौंडांचा दर ३० सेंटांवरून एकदम ६० सेंट केला. चार्ल्स मोर्स नावाच्या गृहस्थानं लहानमोठ्या कंपन्या गिळून ही मक्तेदारी उभी केली होती. पुढे उघड झालं, की शहराचे महापौर रॉबर्ट व्हॅन वाइक यांच्याकडेच कंपनीचे शेअर होते. वर्तमानपत्रांनी रान उठवलं. हा इतिहास पुस्तकात मिळतो. पण त्या वर्षीचं एखाद्या घरचं बिल हाती लागलं, तर दर दुप्पट झाल्यावर त्या घरानं बर्फ निम्मा केला की दुसरीकडे काटकसर केली, ते कळू शकतं.

कॅलेंडरं, टीपकागद, पुठ्ठ्याचे हातपंखे यांच्यावर मी वेळ घालवत नाही. ती जाहिरात होती. चित्रं गोड असतात, गुबगुबीत मुलं, कुत्री वगैरे. चित्रासाठी लोक जपून ठेवत, म्हणून आज ती भरपूर मिळतात.

माहितीपत्रकांसाठी मात्र थोडं थांबू. १९२० नंतर विजेचे फ्रिज आले. जनरल इलेक्ट्रिकचा डोक्यावर गोल यंत्र असलेला प्रसिद्ध फ्रिज १९२७ चा. बर्फवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं मग घरगुती शीतकरणाची माहिती देणारा विभाग काढला आणि त्यावर मेरी एंगल पेनिंग्टन यांना नेमलं. या मोठ्या रसायनशास्त्रज्ञ, अन्न थंड कसं ठेवावं याच्या अमेरिकेतल्या पहिल्या जाणकारांपैकी. त्यांच्या १९२७ च्या पुस्तिकेच्या नावाचा अर्थ आहे, 'थंडी म्हणजे उष्णतेचा अभाव'. ते वाचून मी खुर्चीतच उठून बसलो! आपल्या नैयायिकांना हे पटलं नसतं. अभाव हा त्यांचा लाडका पदार्थ, अंधाराला ते तेजाचा अभावच म्हणतात. पण शीत स्पर्श? तर्कसंग्रहात अन्नंभट्टानं तो जलाचा गुण म्हणून, जलाच्या लक्षणातच घातला आहे. म्हणजे थंडी ही खरोखरची असणारी गोष्ट, नुसता अभाव नव्हे. गृहिणींना फुकट वाटलेल्या पुस्तिकेवरून हा वाद मी वर्गात दोन तास चालवला आहे. असो.

"आपल्याकडे असलं काही होतं का?" असं दर वेळी विचारलं जातं. बर्फ होता. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं १८३३ मध्ये टस्कनी नावाच्या जहाजातून भुशात गाडलेला तळ्यातला बर्फ कलकत्त्याला पाठवला. पुढे तो मुंबई आणि मद्रासलाही येऊ लागला. मद्रासचं बर्फघर अजून उभं आहे, १८९७ मध्ये विवेकानंद तिथे उतरले होते. पण तो बर्फ मोजक्या श्रीमंतांचा. आमच्या लहानपणी घरी बर्फ यायचा तो कुणाला कडक ताप भरला, नाहीतर लग्न असलं तर. गोणपाटात गुंडाळलेला, भुसा लागलेला, रोख पैसे मोजून. रोजचं गिऱ्हाईकच नाही, मग कार्ड कशाला?

आता संग्रह करणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. खिडकीतल्या कार्डांच्या नकला फार झाल्या आहेत. नोटा तपासायचा छोटा अतिनील दिवा घ्या आणि अंधारात कार्डावर धरा. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून जी द्रव्यं घालतात, ती दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. १९२० चं म्हणून दिलेलं कार्ड निळसर पांढरं लखलखलं, तर पैसे खिशात ठेवा. मग भिंग घ्या. खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुतलेलं असतं, पाठीमागून बोट फिरवलं तरी कळतं. नकलेत रंगीत ठिपके दिसतात. आणि घरी आणल्यावर लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, रबरबँड घालू नका. आम्लरहित कागदात घालून सपाट ठेवा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा. पुण्याची हवा आणि कसर, दोघंही तुमच्याइतकीच रसिक आहेत.

आणि आता माझी चूक. पडद्यावरचंच कार्ड, ते एक डॉलरचं. त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं बरंच काही लिहिलेलं होतं. मला कार्ड स्वच्छ हवं होतं. स्वच्छ प्रतीला किंमत जास्त, एवढं तोवर शिकलो होतो. मऊ खोडरबर घेऊन, मोठ्या काळजीनं, अर्धा तास बसून मी ते सगळं पुसलं. त्यानंतर सहा-सात वर्षांनी दुसऱ्या एका संग्राहकाकडे तसंच एक कार्ड पाहिलं. त्याच्या पाठीवर तारखा आणि त्यापुढे पौंड. त्या घरातल्या बाईनं स्वतः ठेवलेला हिशेब, महिन्याच्या बिलाशी ताडून बघायला. कंपनीचं म्हणणं काय होतं, ते बिलात छापलेलं असतं. त्या बाईचं म्हणणं फक्त तिथे होतं. माझ्या हातात तसंच एक आलं होतं आणि मी ते घाण समजून पुसलं. आमच्याही घरी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिलेले असायचे, दर महिन्याला दूधवाल्याशी त्यावरून बोलणं व्हायचं. ते अक्षर पत्नीचं. त्यातलं एकही कॅलेंडर आज घरात नाही.

म्हणून हल्ली मी कोरी कार्डं घेत नाही. मळकी घेतो, एका बाजूनं उन्हानं विटलेली. एका कार्डाच्या चारही कडांना भोकं आहेत आणि त्यातलं २५ च्या वरचं तेवढं फाटून लांबट झालंय. त्या घरी बहुधा रोज २५ च लागत असावेत.

पुसलेल्या कार्डाचं म्हणाल, तर पेन्सिल कागदाला दाबते, आणि शिसं गेलं तरी दाब थोडा उरतो. दिवा अगदी कडेनं, आडवा धरला की पुसट खाचा दिसतात. गेल्या डिसेंबरपासून रात्री थोडा थोडा वेळ बसतो. आतापर्यंत दोन ओळी लागल्या आहेत. पहिलीत २५, २५, ५०. दुसरीत २५ आणि त्याच्यापुढे एक शब्द आहे, पाच अक्षरी, त्यातलं पहिलं अक्षर एस असावं. पुढचं अजून लागलेलं नाही.