निवृत्त मिशनऱ्यांची उत्तरसेवा

ऐन पंचविशीत परदेशी गेलेला मिशनरी साठी उलटल्यावर स्वदेशी परततो, तेव्हा त्याच्यापुढे उभा राहणारा पहिला प्रश्न अगदी साधा असतो: उतरावयाचे कोठे? ज्या बंगल्यात आयुष्य गेले तो मिशनच्या मालकीचा. आईबाप केव्हाच निवर्तलेले. मुले शिक्षणासाठी लहानपणीच दूर ठेवलेली. ती आता आपापल्या संसारात गुंतलेली. जन्मगावी जावे तर ओळखीचे चेहरे उरलेले नसतात, आणि जेथे प्रत्येक चेहरा ओळखीचा ते गाव समुद्रापलीकडे राहिलेले असते.

ह्या अडचणीचे मूळ वेतनाच्या पद्धतीत आहे. कॅथलिक संन्यासी व जोगिणी ह्यांच्या वार्धक्याचा भार त्यांचा संघ वाहतो. प्रॉटेस्टंट मिशनरी मात्र संसारी गृहस्थ. त्यास मिळे तो कामाचा मोबदला नव्हे, तर निर्वाहापुरता भत्ता. पत्नी शाळा चालवी, आजाऱ्यांस औषध देई. परंतु तिच्या नावे बहुधा वेगळे वेतन नसे. अशा मिळकतीतून शिल्लक ती काय पडणार, आणि घर ते कोठून बांधणार? शिवाय पैशाहून अवघड अशी एक उणीव असते. काल ज्याच्या दाराशी पहाटेपासून माणसे बसत, त्याला आज कोणी काही विचारीत नाही. तेव्हा निवृत्त मिशनऱ्यास आधार द्यावयाचा म्हणजे निवारा आणि काम ही दोन्ही द्यावयाची.

अमेरिकेत ह्या दृष्टीने झालेले दोन प्रयत्न पाहण्याजोगे आहेत. पहिला कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँट गावचा. तेथे १९१५ साली काँग्रिगेशनल पंथाच्या मंडळींनी ‘पिलग्रिम प्लेस’ ही वसाहत स्थापन केली. प्रथम तिचा उपयोग रजेवर आलेल्या मिशनरी कुटुंबांस होई. पुढे ती निवृत्तांचे गाव बनली. जागा सुमारे ३२ एकर. लहान लहान घरे, मध्ये झाडी, आणि शेजारीच महाविद्यालये. नोव्हेंबर महिन्यात जत्रा भरविण्याची तेथे जुनी प्रथा आहे. वर्षभर रहिवाशांनी विणलेल्या, कोरलेल्या, रंगविलेल्या वस्तू तीत विकावयाच्या, आणि ज्या शेजाऱ्याची पुंजी औषधपाण्यात सरली असेल त्याच्यासाठी ते उत्पन्न खर्चावयाचे. म्हणजे मदत घेणारा व देणारा एकाच आळीत राहतो. कोणास हात पसरावा लागत नाही. देशोदेशींहून बरोबर आणलेल्या कलावस्तूंचे एक संग्रहालयही ह्या वसाहतीत उभे राहिले.

दुसरा प्रयत्न फ्लोरिडातील ‘पेनी फार्म्स’चा. जे. सी. पेनी हे अमेरिकेतील दुकानांच्या मोठ्या साखळीचे मालक. त्यांचे वडील शेती सांभाळून बॅप्टिस्ट उपदेशकाचे काम करीत, व त्याबद्दल वेतन घेत नसत. विनावेतन सेवेचे मोल घरातच पाहिलेल्या ह्या मुलाने आईबापांच्या स्मरणार्थ निवृत्त धर्मोपदेशक व मिशनरी ह्यांच्यासाठी १९२६-२७ साली घरांची वसाहत बांधविली. तेथे रहिवाशांनी स्वेच्छेने काहीतरी काम पत्करावे अशी रीत आहे. कोणी सुतारकाम करतो, कोणी वृद्धतर शेजाऱ्याची शुश्रूषा करतो. तेथील एका कार्यशाळेत, ज्यांचे पाय निकामी झाले आहेत अशा गरीब देशांतील लोकांसाठी हातांनी चालवावयाच्या तीनचाकी गाड्या तयार होतात. अशा गाडीची कल्पना मुळात आफ्रिकेत काम करणाऱ्या एका मिशनऱ्याच्या मागणीवरून १९९४ साली निघाली.

निवृत्तीनंतरची सेवा किती दूरवर पोहोचते ह्याचे एक उदाहरण तर आपल्या भाषेशीच निगडित आहे. जस्टिन एडवर्ड्‌स अ‍ॅबट ह्यांचा जन्म १८५३ सालचा. वडील अहमदनगरकडील अमेरिकन मराठी मिशनचे. तेव्हा मराठी कानी पडली ती बाळपणीच. पुढे त्यांनी स्वतः ह्याच मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले. १९१० च्या सुमारास ते निवृत्त होऊन अमेरिकेस गेले, व तेथे त्यांनी मराठी संतांच्या चरित्रांचा व वाङ्मयाचा इंग्रजी अनुवाद हाती घेतला. ग्रंथ छापले जात पुण्यास. १९२९ मध्ये बहिणाबाई, १९३० मध्ये तुकाराम आणि १९३२ मध्ये रामदास असे खंड निघाले. त्याच साली अ‍ॅबट वारले. महीपतींच्या ‘भक्तविजया’चा अनुवाद त्यांच्या पश्चात १९३३-३४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पंडित नरहर गोडबोले ह्यांचे साहाय्य होते. ज्या लोकांस उपदेश करावयास हा गृहस्थ आला, त्यांच्याच संतांची ओळख त्याने वार्धक्यात आपल्या लोकांस करून दिली. सवड, स्वास्थ्य आणि हाती काम असले म्हणजे म्हातारपणही फळते, ते असे.

पूर्वीचा काळ आता राहिलेला नाही. आयुष्यभरासाठी परदेशी जाणारे मिशनरी कमी झाले, चर्चची वर्गणी आटली, आणि रुग्णशुश्रूषेचा खर्च मात्र वाढला. वरील वसाहतींनीही आपली दारे इतर निवृत्तांस उघडली आहेत. तथापि त्यांनी घालून दिलेला धडा जुना झालेला नाही. धर्मप्रचाराविषयी कोणाचे मत काहीही असो. ज्याने उमेदीची वर्षे परक्या गावी वेचली, त्यास वार्धक्यात नुसते अन्नवस्त्र देऊन कोपऱ्यात बसविणे म्हणजे त्याचे अर्धेच ऋण फेडणे होय. उरलेले अर्धे फिटते ते त्याला कोणी पुन्हा काम सांगेल तेव्हा.